खोली नंबर नऊ

विद्यापीठाच्या वार्षिक अंकात माजी विद्यार्थ्यांचं 'कोण कुठे' हे सदर असतं. बत्तीस वर्षं ते एकच कारकून टाइप करत आला. पदवी मिळाल्यावर फक्त सहा महिन्यांसाठी म्हणून तो इथे चिकटला होता. मग वडिलांनी अंथरूण धरलं, पाठोपाठ धाकट्या बहिणीचं शिक्षण आलं, आणि ते सहा महिने काही संपले नाहीत.

वर्गातल्या सगळ्यांच्या बातम्या त्याच्या बोटांखालून गेल्या. कुणी धरण बांधलं, कुणी दुसरं लग्न केलं. कॉपी करून पास झालेला बोक्या तर प्राचार्य झाला! स्वतःची बातमी त्याने कधी दिली नाही. लिहिणार काय, कपाळ?

यंदा अंकाच्या नव्या संपादक बाईसाहेबांनी फर्मान सोडलं, "ज्यांची माहिती नाही, त्यांना शेवटच्या पत्त्यावर पत्र पाठवा."

यादीत सातवं नाव त्याचंच निघालं. पत्ता: वसतिगृह, खोली नंबर नऊ.

"बाई, हा तर मीच," तो सांगायला गेला. बाई फोनवर होत्या. त्यांनी हातानेच 'नंतर' म्हटलं. त्याने पत्र टाकलं.

चौथ्या दिवशी पोस्टमनने ते त्याच्याच टेबलावर आणून ठेवलं. वसतिगृह कधीच बंद झालं होतं. त्याच खोलीत आता कचेरी होती, आणि त्याची खुर्ची त्याच जुन्या खिडकीखाली.

पाकीट न फोडता त्याने वसतिगृहाच्या जुन्या टपालासाठी ठेवलेला शिक्का उचलला आणि सवयीने अगदी सरळ मारला: 'या पत्त्यावर कोणी राहत नाही.'