पाण्याच्या ठिकाणी नेमणूक कोणाची होती?

होळीनंतरचा पहिला रविवार : सायकल मोहीम. गुढीपाडव्याचा आदला दिवस : आयोजकांचे लेखी उत्तर. रामनवमीनंतरचा शनिवार : यवतमाळच्या सभागृहातील सत्कार समारंभ आणि त्यात उच्चारलेले जाहीर असत्य.

या तिन्ही दिवसांबद्दल मी मोहिमेचे अध्यक्ष, मार्ग आखणारे सचिव आणि ‘प्रत्येक टप्प्यावर पाणी’ असे ठळक छापणारे समस्त आयोजक मंडळ यांना जबाबदार धरतो. नावे त्यांना पाठवलेल्या पत्रांत आहेत; येथे पदे पुरेशी आहेत.

मी उमेदीची सारी वर्षे यवतमाळच्या न्यायालयात वकिली करण्यात घालवली. चकवा, भानामती, करणी यांबद्दल शपथेवर सांगणारे साक्षीदार माझ्यासमोर आले आणि उलटतपासणीत त्यांतला एकही टिकला नाही. माझी पत्नी वृत्तपत्राच्या या सदरातील वाचकांचे गूढ अनुभव मोठ्याने वाचू लागली की मी उठून दुसऱ्या खोलीत जातो. आज त्याच सदरासाठी मला लिहावे लागत आहे, कारण माझ्या पत्रांना उत्तर देणे आयोजकांनी थांबवले आहे.

माझी मुलगी मृणाल नागपूरला असते. होळीला माहेरी आली, तेव्हा या मोहिमेची जाहिरात तिनेच दाखवली : मुकुटबनहून निघायचे, झरी जामणीच्या बाजूचा मुरमाड माळ ओलांडून एका ओसाड गावापर्यंत जायचे आणि दुसऱ्या वाटेने परत. अशा उठलेल्या गावाला आमच्याकडे रीठ म्हणतात. त्या रिठीचे नाव मी मुद्दाम देत नाही. दिल्यास पुढच्याच रविवारी तेथे मोटारसायकलींची जत्रा भरेल.

मी रोज पहाटे सायकल चालवतो, म्हणून मीही नाव नोंदवले. निघताना अध्यक्ष सर्वांदेखत म्हणाले, ‘‘काका, मागून पिकअप येतेच आहे. दमलात तर बसून घ्या, लाजू नका.’’ मंडळी हसली. मृणालही हसली.

पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, शेते संपली आणि पुढे सावली नावाची वस्तू राहिली नाही. सुटी गिट्टी, कोरडे नाले, चाक रुतेल असा मुरूम. दगडांवर चुन्याचे बाण तेवढे होते. तरुण मंडळी पाठीवर पाण्याच्या पिशव्या घेऊन केव्हाच पुढे गेली. पाण्याचे पहिले ठिकाण आले... तेथे बाण होता, पाणी नव्हते. मार्चमध्येच मे महिन्यासारखे ऊन होते. पिकअपचा पत्ता नव्हता; ती मागे नाल्यात बंद पडली होती, हे नंतर कळले.

मृणालने बाटलीतले उरलेले पाणी माझ्या बाटलीत ओतले. मी नको म्हटले. ‘‘रिठीत पाणी आहेच ना बाबा, पत्रकात लिहिलंय,’’ एवढे बोलून ती पुढे गेली. पत्रकावर तिने विश्वास ठेवला. मला हेच विसरता येत नाही.

मी रिठीत पोहोचलो, तेव्हा तिची सायकल चिंचेला टेकवलेली होती. हेल्मेट जमिनीवर. मुलगी नाही. पाण्याचे टेबल, छत्री, माणूस — काहीही नाही. कंबरेइतक्या पडक्या भिंती आणि बाभळी. मोबाइलला रेंज नव्हती. मी हाका मारल्या. मग विहीर दिसली... तोंडावर काटेरी फांद्या टाकलेली. त्या फांद्या बाजूला करताना माझ्या मनात काय होते, ते मी येथे लिहिणार नाही. विहीर गळ्यापर्यंत दगडांनी बुजलेली होती. कोरडी ठणठणीत. मी खाली बसलो, पुन्हा उठलो, पुन्हा ओरडलो.

तेव्हा दोन भिंतींच्या मधून मृणाल चालत आली. केसांतून पाणी निथळत होते, खांदे ओलेचिंब, हातात तांब्यासारखा पितळी गडवा. ती माझ्यावर चिडली होती.

‘‘बाबा, हळू बोला. आजींचा आत्ताच डोळा लागलाय.’’

गडवा तिने माझ्या हाती दिला. मी प्यायलो. पाणी गार होते, माठातले. त्यानंतर मी आभार मानण्यासाठी तिने दाखवलेल्या घराकडे गेलो. घर नव्हते. छप्पर नव्हते. जेथे आपल्याला खाटेवर निजवले होते असे ती म्हणते, तेथे मनगटाएवढी बाभूळ उगवलेली होती. जमीन पूर्ण कोरडी होती. ओले होते ते फक्त मृणालच्या केसांतून गळलेले थेंब. तिने माझ्या खांद्यावरून पाहिले आणि माझा हात घट्ट धरला.

तिला आठवते ते असे : चिंचेखाली तिला भोवळ आली. कोणीतरी धरून आत नेले, डोक्यावर पाणी ओतत राहिले. एक म्हातारी : हिरवे लुगडे, हातभर गोंदण. मृणाल उठू लागली की म्हातारी दटावे, ‘‘काहून पयून राह्यली वं एवढ्या उन्हाची? तुहा बाप येऊन राह्यला मांगून. ऊन उतरू दे, मंग जाजो.’’ माझ्याबद्दल मृणालने तिला काहीही सांगितले नव्हते.

पिकअप आली. चालक जवळच्याच गावचा. मी त्याला विचारले, येथे कोण राहते?

‘‘अठी कोन राह्यते साहेब? माह्या आज्याच्या जमान्यात उठलं हे गाव.’’ मग त्याची नजर गडव्यावर गेली आणि तो घाईने सायकली गाडीत चढवू लागला.

यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितले, तो उष्माघातच होता. कोणी वेळेवर डोक्यावर पाणी ओतले नसते, तर मुलगी हाती लागली नसती.

मी आयोजकांना पत्र पाठवले. लेखी उत्तर आले : ‘सदर ठिकाणी वाहन पोहोचू न शकल्याने कोणाचीही नेमणूक होऊ शकली नाही, दिलगीर आहोत.’ मी ते मान्य केले असते. परंतु सत्कार समारंभात अध्यक्ष व्यासपीठावरून म्हणाले की, रिठीतील पाण्याच्या ठिकाणी आमच्या ज्येष्ठ स्वयंसेविकेने प्रसंगावधान राखून एका भगिनीचे प्राण वाचवले. टाळ्या पडल्या. मी उठून नाव विचारले. माइक दुसरीकडे नेण्यात आला.

उन्हाने मुलीला भास झाला, असे कोणी म्हणेल. मीही तेच म्हटले असते. पण ते पाणी मी प्यायलो आहे, आणि गडवा आमच्या स्वयंपाकघरात आहे. चिंचेने नुकताच घासावा तसा तो लखलखीत होता. काठावर नाव कोरलेले असावे. ते झिजून गेले आहे. याचा उलगडा मला झालेला नाही. हे मी स्वच्छ लिहून देतो.

आमच्या घरात दुसऱ्याचे भांडे रिकामे परत करत नाहीत. पत्नीने त्यात गूळ भरला. आम्ही तिघे पुन्हा रिठीत गेलो, भर दुपारी. भांडे ज्याचे त्याच्या हाती द्यायचे असते, दगडावर ठेवून यायचे नसते. म्हणून ऊन उतरेपर्यंत थांबलो. मृणालने दोनदा ‘‘आजी’’ म्हणून हाक मारली. मग आम्ही गडवा घेऊन परत आलो.

म्हणून माझी मागणी आहे. अध्यक्षांनी याच सदरात, आपल्या सहीनिशी, दोहोंपैकी एक उत्तर द्यावे. तेथे त्यांनी कोणालाही नेमले नव्हते, हे जाहीर कबूल करावे. अन्यथा त्या स्वयंसेविकेचे नाव आणि गाव सांगावे. मी, माझी पत्नी आणि माझी मुलगी त्याच दिवशी तिच्या दारी जाऊ. गडवा भरलेला आहे. तो कोणाच्या हाती द्यायचा, एवढे सांगा.