समुद्रघोड्याची अठाई

मी शहाद्याला एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते. घरात कुणी मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढायला लागलं की मी उठून आत जाते... एवढं सांगितलं म्हणजे मी कशातली आहे ते कळेल. तरी हे लिहितेय, कारण घरात ते कुणाला सांगायची सोय राहिलेली नाही. सगळे अजून माझं कौतुक करण्यात गुंतलेत.

आमचं कापडाचं दुकान खाली, घर वर. शेजारी प्रवीणभाऊंचं मासे आणि फिशटँकचं दुकान. मूळचे कळसाडीचे, माझ्या मिस्टरांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांनी आमच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी बसवून दिली. टाकीत घालायला समुद्रातले दगड मागवले होते, त्यांच्याबरोबर बोटाएवढा एक समुद्रघोडा चुकून आला. तो पाळायला कायद्याने बंदी आहे हे मागाहून कळलं, पण तोवर जीव जडला होता. आम्ही गप्प बसलो. मी त्याला राजा म्हणायचे. शेपटीने काडी धरून बसायचा, आणि मी समोर आले की एक डोळा माझ्याकडे फिरवायचा.

आता आमचं घर जैन, आणि राजाला खायला जिवंत झिंगेच लागत, अगदी बारीक. त्यावर आम्ही तोडगा काढला — प्रवीणभाऊंनी येऊन ते टाकायचे, आणि तेवढा वेळ आम्ही तिकडे बघायचं नाही. म्हणजे पाप त्यांच्या माथी, हौस आमची! न बघताही ऐकू मात्र यायचं. झिंगा गिळताना राजा नखावर नख वाजवल्यासारखा 'टक्' असा आवाज करायचा.

यंदा पर्युषणात मी अठाई केली. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी. श्रद्धेने केली असं म्हणायला जीभ वळत नाही. गेल्या वर्षी माझ्या जावेने केली होती, तिची उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली, आणि ती जीप माझ्या डोक्यातून गेलीच नाही.

मी उपास धरला त्याच दिवशी राजाने खाणं सोडलं.

झिंगे त्याच्या तोंडासमोरून फिरत, तो ढिम्म. अंगावर डाग नाही, जखम नाही. प्रवीणभाऊ रोज पाणी तपासत.

"वहिनी, पानी बराबर शे, मीठ बराबर शे. याले काय व्हयनं तेच समजत नही."

सासूबाईंना मात्र लगेच समजलं. "बिनणी, ओ तो थारे सागे उपास करे है," त्या म्हणाल्या, आणि टाकीला हात जोडले. माझ्याबरोबर म्हणे राजाचाही उपास! मी हसले. पण मला भेटायला येणारे पाहुणे टाकीपाशीही थांबायला लागले. उपास करणाऱ्याला आमच्यात 'साता?' असं विचारतात, म्हणजे बरं आहे ना. मला सगळे विचारत होते. राजा रोज थोडा थोडा वाळत होता.

मधे एका दुपारी मला घेरी आली. मिस्टरांनी मोसंबीच्या रसाचा ग्लास ओठांना लावला. तेवढ्यात टाकीपाशी उभे असलेले प्रवीणभाऊ ओरडले, "वहिनी, हाऊ देखा! झिंगाकडे वळना!" खरंच राजाने मान वाकवून तोंड नेमलं होतं. मी ग्लास ढकलला. राजाने तोंड फिरवलं.

प्रवीणभाऊ माझ्याजवळ आले. "घोटभर पी तरी पाहा. पाहू काय व्हस."

सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "कर ले पारणो. जीव बच जासी."

ज्यांनी मला अठाईसाठी आशीर्वाद दिला, त्याच म्हणाल्या! आणि मी काय म्हणावं? "असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही." सायन्सवाली ना मी. खरं कारण हे, की जीप ठरली होती, माहेरची माणसं निघाली होती, साडीला फॉल लागला होता. अंधश्रद्धा नको म्हणून मी अडून बसले, असं सगळ्यांना वाटलं. मीही तसंच वाटू दिलं.

पारण्याच्या सकाळी हॉल माणसांनी भरलेला. सासूबाईंनी मुगाच्या पाण्याचा पहिला चमचा माझ्या तोंडात घातला. मी गिळला, आणि त्या गलक्यातही मला स्वच्छ ऐकू आलं — टक्.

"खादं! वहिनी, खादं त्यानी!" प्रवीणभाऊंच्या डोळ्यांत पाणी होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या बहुतेक माझ्यासाठी होत्या. मी गर्दीतून वाट काढत टाकीपाशी पोहोचले, तेव्हा राजाची शेपटी काडीवरून सुटलेली होती. तो हळूहळू तळाला जाऊन आडवा झाला. एकच झिंगा खाल्ला त्याने. डोळा माझ्याकडे होता की नाही, मी पाहिलं नाही... पाहवलं नाही.

प्रवीणभाऊंनी पुढे होऊन टाकीवर टॉवेल टाकला. खाली बँड वाजायला लागला.

आणि मी गेले. त्याला तसाच टाकून जिना उतरले, जीपमध्ये बसले, चौकाचौकात हात जोडले. कुणीतरी विचारलं, "साता?" मी हसून म्हटलं, "साता."

उपाशी प्राणी मरणाआधी एखादा घास घेत असेल, असं मी स्वतःला समजावते. मग ग्लास ओठांना लागला तेव्हा तो का वळला, याचं उत्तर माझ्याकडे नाही. प्रवीणभाऊंकडेही नाही, ते आता वर येत नाहीत. सासूबाईंनी माझा जीपमधला फोटो मोठा करून हॉलमध्ये लावलाय, रिकाम्या टाकीच्या बरोबर वर. येणारे-जाणारे त्याला हात जोडतात, आणि मी उठून आत जाते.