पद्मनाभाची तीन दारं

मंडईत एका बाईच्या टोमॅटोच्या ढिगात मी सरळ पाय घातला, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपलं काहीतरी बिनसलंय. ती बाई कडाडली, "काकू, एवढा ढीग दिसंना व्हय? चष्मा काय शोभेला लावलाय?" मीही पेठेत वाढलेली. "रस्ता चालायला असतो, दुकान मांडायला नाही," असं ठणकावून आले खरी, पण वारज्याला घरी पोचल्यावर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. ढीग मला खरंच दिसला नव्हता. तपासणीत काचबिंदू निघाला. बाजूचं दिसणं गेलं होतं, समोर वाटीएवढं गोल उरलं होतं, आणि अंधुक उजेडात तर तेही धड नव्हतं. "गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते थेंब घालून सांभाळायचं," डॉक्टर म्हणाले. किती दिवस सांभाळलं जाईल, असं विचारल्यावर ते कागद चाळायला लागले.

मी देवावर भयंकर चिडले. शाळेत सगळी नोकरी चित्रकला शिकवण्यात गेली माझी. गुडघे घ्यायचे होते, कान घ्यायचे होते, माझे डोळेच कशाला? काही दिवस देवघरात दिवा लावायचे तो धुसफुसतच. आमच्याकडे सासूबाईंच्या वेळची शेषशायी विष्णूची तसबीर आहे. रोज पुसताना मी तिच्याशी भांडायचे. एक दिवस भांडताभांडताच मनात आलं, की तिरुवनंतपुरमला हा एवढा मोठा आडवा पहुडलाय, त्याला एकदा समोरासमोर बघायचं. डोळे आहेत तोवर बघायचं. मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, चित्रं नेटवर ढिगानं आहेत. टीव्हीवर मोठं करून दाखवते ना!" मी म्हटलं, "मग तुझं लग्नही टीव्हीवरच बघितलं असतं. मांडवात कशाला उभी राहिले?" त्यावर तिनंच दक्षिणेच्या टूरमध्ये माझं आणि ह्यांचं नाव घातलं.

टूर पुण्यातलीच, त्यामुळे तंजावरच्या देवळाच्या सावलीत कांदेपोहे मिळाले. ह्यांना तेवढ्यानंच यात्रा सफल झाल्यासारखी वाटली. मी मात्र रोज मान इकडेतिकडे फिरवून तुकड्यातुकड्यानं बघत होते. तंजावरचं शिखर पायथ्यापासून कळसापर्यंत असं एकेक घास खावा तसं पाहिलं. रामेश्वरचा खांबांचा लांबलचक मंडप मला फार छान दिसला, कारण तो लांब जाताजाता सगळ्यांनाच अरुंद दिसतो. तिथे मी चारचौघींसारखी होते. पण जीव लागला होता तो तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभाकडे.

आणि तिथे काय झालं, सांगते. सकाळी रांगेत उभे राहिलो. पुरुषांना उघड्या अंगानं मुंडू, म्हणजे तिकडची पांढरी लुंगी, नेसून जावं लागतं. आमचे हे एका हातानं गाठ धरून आणि दुसऱ्या हातानं मला धरून चालले होते. आत विजेचा दिवा नाही, फक्त तेलाच्या समया. देव गाभाऱ्यात आडवा, एवढा लांब की तो तीन दारांतून बघायचा. एकात मुख, मधल्यात नाभीचं कमळ, शेवटच्यात पाय. मी पायऱ्या चढून पहिल्या दारासमोर आले, हात जोडले आणि जन्मभराच्या सवयीनं डोळे मिटले! आपल्याकडे देवासमोर उभं राहिलं की आपोआप डोळे मिटतात ना, तसे. उघडले तेव्हा रांगेनं मला पार पलीकडे नेलं होतं. पुण्याहून एवढ्या लांब बघायला म्हणून आले आणि देव समोर आल्यावर डोळे मिटून घेतले. बाहेर येऊन मला हसावं की रडावं कळेना. मी लगेच दुसऱ्यांदा रांगेत शिरले. या वेळी डोळे टक्क उघडे ठेवले. पण बाहेरच्या रणरणत्या उन्हातून आत आलेली, समोर नुसता काळोख आणि त्यात एक ज्योत. तिन्ही दारांत तेच.

टूर मॅनेजर बसपाशी उभा होता. बस कन्याकुमारीला जाऊन दुसऱ्या दिवशी विमानासाठी परत इथेच येणार होती. तो म्हणाला, "काकू, झालं ना दर्शन? बसा लवकर." मी म्हटलं, "दर्शन नाही झालं. मी नुसती आत जाऊन आले. तुम्ही निघा." ह्यांनी एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आमची बॅग खाली काढून घेतली. कन्याकुमारीचे तीन समुद्र बघायची त्यांची केवढी हौस होती! तरी मी मागे फिरले नाही. अजून एक संध्याकाळ हातात होती, ती मी सोडणार नव्हते.

संध्याकाळी दीपाराधनेची वेळ गाठून गेलो. गाभाऱ्याची दारं बंद होती आणि गर्दी ही एवढी. रेटारेटीत ह्यांचा हात सुटला. मला शेजारचं माणूस दिसत नाही, त्यात तो अंधार. खांब चाचपत उभी राहिले आणि धाय मोकलून रडावंसं वाटलं. म्हटलं, बाबा रे, नाही दाखवायचं तर नको दाखवू, पण इथून धड बाहेर तरी काढ.

तेवढ्यात कुणीतरी माझा दंड धरला. वळून पाहिलं तर एक म्हातारी बाई. पांढरी जरीकाठी साडी, ओल्या केसांत तुळस, कपाळाला गंध. ती मल्याळममध्ये काहीतरी बोलली. मला त्यातलं फक्त 'पद्मनाभा' कळलं. तिनं मला गर्दीतून पुढे नेलं, बंद दारासमोर उभं केलं आणि आपला तळवा माझ्या दोन्ही डोळ्यांवर ठेवला. माझा जीव घाबरा झाला. आहे तेवढं दिसतंय, तेही ही बाई झाकते! मी तिचं मनगट धरून ओढलं. हात हलला नाही. ती हळूच पुन्हा तेच नाव म्हणाली. का कोण जाणे, पण माझे हात खाली आले. किती वेळ गेला कळलं नाही. चंदनाचा वास येत होता आणि आजूबाजूला लोक पुटपुटत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी बघायची धडपड थांबवली होती.

घंटा वाजल्या, दारं उघडल्याचा आवाज आला आणि तळवा दूर झाला. समोर दिव्याच्या उजेडात पद्मनाभाचं मुख होतं. मिटल्यासारखे डोळे, शिवलिंगावर अलगद सोडलेला हात. माझ्या वाटीएवढ्या गोलात ते अगदी नेमकं मावलं. बाईनं कोपर धरून मला सरकवलं. कमळ दिसलं. पुन्हा सरकवलं, आणि पाय दिसले! मी मोठ्यानं ओरडले, "पाय दिसले हो, मला पाय दिसले!" मराठीत कोण काय ओरडतंय याची तिथे कुणाला पर्वा नव्हती. इथे तर धडधाकट डोळ्यांनाही देव एका नजरेत मिळत नाही, सगळ्यांच्या वाट्याला तुकडेच. माझ्यावर वेगळा अन्याय झाला नव्हता. मनातली अढी तिथेच सुटली.

मागे वळले तर ती बाई नव्हती. पांढऱ्या साड्या मात्र सगळीकडे. हे भेटल्यावर सगळं ऐकून म्हणाले, "अगं, डोळे झाकले की अंधाराला सरावतात. तिला ठाऊक असणार." असेल तसं. पण मला कमी दिसतं हे तिला कुणी सांगितलं, ते मी ह्यांना विचारलं नाही. मला त्याचं उत्तर नकोच आहे. हट्टानं मी दारापर्यंत गेले, आणि हट्ट केला याचा मला आजही आनंद आहे. त्यापुढचं मात्र माझ्या हातात नव्हतं.

यंदा ते गोल आणखी लहान झालंय. थेंब चालू आहेत, काठी घेऊन चालायला शिकतेय, पडते, पुन्हा उठते. संध्याकाळी खोलीतलं एकेक दिसेनासं होतं तेव्हा पूर्वी मी घाबरून सगळे दिवे लावत सुटायचे. आता खुर्चीत शांत बसते. पद्मनाभानं डोळ्यांवर हात ठेवलाय, दार अजून उघडायचंय.