गोटा केलेली डोकी

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र जसंच्या तसं डोळ्यांसमोर आहे. कदाचित ते मला कधी पुरतं कळलंच नाही म्हणून असेल.

मी तेव्हा शिकागोजवळच्या एका उपनगरात डिटेक्टिव्ह होतो. खात्यात मराठी बोलणारा मी एकटाच, त्यामुळे कुठल्याही देशी माणसाची तक्रार आली की फाइल माझ्या टेबलावर. एका शनिवारी दुपारी इंडियन ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये मारामारी झाली. भाजी घेऊन बाहेर पडलेले एक निवृत्त मराठी डॉक्टर त्यात सापडले. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. "आपल्या देशात परत जा" असं ओरडत कोणीतरी त्यांना ढकललं, आणि पाठोपाठ सात-आठ तरुण एकमेकांवर तुटून पडले. आमची गस्तीची गाडी पोचली तेव्हा सगळे पांगले होते. जबडा मोडलेला एक जण तेवढा पडून होता, आणि तो काही बोलण्याच्या अवस्थेत नव्हता.

अडचण अशी की सगळ्यांच्या डोक्याचा गोटा, सगळ्यांच्या पायांत जाड उंच बूट, पँटला गॅलिस. दुकानाच्या कॅमेऱ्यात गाड्यांच्या टपांवरून नुसती डोकी दिसत होती. असा वेश करणाऱ्यांना स्किनहेड म्हणतात, आणि स्किनहेड म्हणजे वर्णद्वेषी, एवढंच आम्हाला माहीत होतं.

सोमवारी टीप आली. एका गॅरेजवाल्याचा फोन: त्याच्याकडचा वेल्डर अशाच वेशात हिंडतो आणि आज कामावर आलेला नाही. मी इतर काही फोटोंमध्ये त्याचा फोटो मिसळून डॉक्टरकाकांच्या घरी गेलो. काकांनी लगेच बोट ठेवलं.

"हाच. मी खाली पडलो तेव्हा हाच माझ्या अंगावर होता. चेहरा इतका जवळ होता की विसरणं शक्य नाही."

वेल्डरला आणलं. पंचविशीतला गोरा मुलगा. हक्क वाचून दाखवले, त्याने सही केली. वकील नको म्हणाला, पण प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, "माहीत नाही." त्याच्या जॅकेटवर हिटलरचं स्वस्तिक होतं आणि त्यावर लाल फुली.

"हे काय आहे?"

"मी स्किनहेड आहे. नाझी नाही."

"त्यात फरक काय?"

तो नुसता हसला.

तेवढ्यात काउंटरवरचा हवालदार आत आला. चेहरा पाहण्यासारखा. "बाहेर याचा मित्र आलाय. तसाच गोटा, तसेच बूट. पण सर, तो ब्लॅक आहे."

मी बाहेर गेलो. तो मित्र शांतपणे म्हणाला, "हे सगळं इंग्लंडमध्ये सुरू झालं. गोऱ्या कामगारांची पोरं आणि जमैकाहून आलेल्यांची पोरं एकाच गाण्यांवर नाचायची. नाझी नंतर घुसले. नाव आमचं होतं, त्यांनी पळवलं. आम्ही ते का सोडायचं?"

मी ऐकून घेतलं. विश्वास ठेवला असं म्हणता येणार नाही. चौकीवर येण्याआधी जॅकेटवर काहीही शिवता येतं. पण आत परतल्यावर माझं लक्ष गेलं: तो मुलगा इतका वेळ खुर्चीच्या कडेला बसला होता. पाठ टेकतच नव्हता.

"पाठीला काय झालंय?"

"काही नाही."

"शर्ट वर करतोस?"

जरा वेळाने त्याने केला. खांद्यापासून कमरेपर्यंत बुटांच्या तळव्यांचे जांभळे ठसे. उजव्या हाताची बोटंही सुजली होती.

"काकांच्या अंगावर तू कशाला पडलास?"

"म्हातारा खाली होता, लोक लाथा घालत होते. दुसरं काय करणार?"

"मग हे आधीच का नाही सांगितलंस?"

"कारण मग तुम्ही विचारणार, त्याचा जबडा कोणी मोडला." त्याने सुजलेली बोटं मिटली. "आम्ही त्या नाझींना शोधतच आलो होतो. मीच मोडला."

मी पुन्हा काकांकडे गेलो. "काका, तुम्हाला लाथा किती बसल्या?"

"लाथा?" ते आठवू लागले. "एकही नाही. गुडघा खरचटला तेवढाच."

"आणि त्याचे हात कुठे होते?"

"माझ्या डोक्याभोवती. मला वाटलं, गळा आवळतोय."

शेजारी बसलेल्या काकू म्हणाल्या, "अहो, मग तो तुम्हाला झाकून होता!"

वेल्डरच्या मित्राने जबाबात नावं दिली, त्यावरून हल्लेखोर सापडले. तिघांवर हेट क्राइमचा, म्हणजे वंशद्वेषातून केलेल्या हल्ल्याचा, गुन्हा लागला, त्यात तो जबडेवालाही होता. त्यांच्यातल्या एकाने अटकेपर्यंत केस वाढवले होते आणि तो टाय लावून ऑफिसला जात होता. वेल्डरवर मारहाणीचा गुन्हा मीच नोंदवला. कबुली होती, मोडलेल्या जबड्याचा हॉस्पिटलचा अहवाल होता, सोडून देणं माझ्या हातात नव्हतं. काकांनी कोर्टात उभं राहून त्याच्यासाठी रदबदली केली. त्याला तुरुंग झाला नाही, प्रोबेशन मिळालं. बाहेर कॉरिडॉरमध्ये काकांनी त्याचा उजवा हात दोन्ही हातांत धरला.

गाडीकडे जाताना काकांनी मला विचारलं, "अरे, मग हा मुलगा चांगला की वाईट? एक काय ते सांग ना."

मी त्यांच्यासाठी गाडीचं दार उघडलं. कोर्टाने मला तो प्रश्न विचारला नव्हता, तरी कित्येक दिवस तो डोक्यातून गेला नाही.

त्या केसनंतर साक्षीदाराला "कोण होता" विचारण्याआधी "त्याने काय केलं" असं विचारायची सवय मी लावून घेतली. एवढं मात्र नक्की शिकलो. बाकी गोंधळ अजून तसाच आहे. आजही एखादा तसा तरुण समोरून आला की माझा हात आपोआप कमरेकडे, पिस्तुलाच्या जागी जातो, जिथे निवृत्तीनंतर आता काहीच नसतं. मग हात खाली घेतो आणि तो जवळ येईपर्यंत थांबतो.