कंधारचं पाणी आणि मामांची भांग

माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणायची, रोज तिन्हीसांजेला भांगेचा एक पेला घ्यायचे. त्याला व्यसन म्हणायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, सुपारीच्या खांडालाही कधी हात नाही. भांग म्हणजे महादेवाचा प्रसाद, आणि वर पोटाला चांगली. भूक लागते, अन्न जिरतं. ती पाट्यावर वाटायचं काम सून म्हणून माझ्याकडं.

लातूरचा नवा जिल्हा झाला त्या सुमाराला मामांना उलट्या सुरू झाल्या. सकाळी उठले की मोरीत. पोटात मुरडा, चहासुद्धा टिकेना. आराम पडायचा तो एकाच गोष्टीनं, कढत पाण्यानं. अंगावर पाणी पडलं की उलटी थांबायची, अंग सुकलं की परत. दिवसाला चार-चार आंघोळी. आणि दुष्काळ असा की टँकर यायचा दोन दिवसांआड. जिल्हा झाला म्हणून पेढे खाल्ले आम्ही, पण पेढ्यांनी हंडा भरत नाही. मी टँकरपाशी बायांशी भांडून दोन घागरी आणायची आणि मामा तासाभरात अंगावर ओतून मोकळे. राग यायचा, खोटं कशाला सांगू? पण मोरीतून बाहेर येताना त्यांच्या बरगड्या दिसायच्या, आणि मग पुन्हा पाणी तापवायला मीच बसायची.

डॉक्टरांनी विचारलं, "काही व्यसन?"

आम्ही सगळे एका सुरात, "छे, सुपारीसुद्धा नाही." खोटं बोललो असं वाटलंच नाही. प्रसाद कुणी व्यसनात धरतं का? पोटाचे फोटो झाले, गोळ्या झाल्या. शेवटी ठरलं की शिवरात्र झाली की सोलापूरला न्यायचं आणि पोट उघडून बघायचं. "मला फाडू नका रे," एवढंच मामा म्हणाले. आणि आम्ही शहाण्यांनी उपाय काय केला? भांग वाढवली. पोटाला चांगली ना!

मधे ते कंधारला माझ्या नणंदेकडं पंधरा दिवस राहून आले. तिचं सासर मास्तरांचं, व्याह्यांपुढं भांग मागायची मामांना लाज. पहिले तीन-चार दिवस हाल झाले म्हणे, मग उलट्या थांबल्या. निघताना दोन भाकरी खाऊन निघाले. घरी आले आणि आठवड्यात पुन्हा मोरी.

"कंधारचं पाणी मानवतंय मला," मामांनी निदान केलं. झालं! नणंद तिथून एसटीत कॅन ठेवून द्यायची. अख्खं लातूर पाण्यासाठी तरसून राहिलं होतं आणि आमचं पाणी बसनं येत होतं. कंडक्टर म्हणायचा, "वहिनी, तुमचे पाहुणे आले, उतरवून घ्या." त्याच पाण्यात मी भांग कालवायची आणि उलट्या चालूच.

एक दिवस वाटता वाटता माझा हात थांबला. कंधारला पाणी होतं, पण भांग नव्हती. इथं आता तेच पाणी आहे, आणि भांगही आहे. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "तू डॉक्टर कधी झालीस?" मग मी कुणालाच बोलले नाही. भांगेऐवजी परसातल्या शेवग्याचा पाला वाटला. बडीशेप, खसखस तशीच, मिरे आणि गूळ जरा जास्त. मामांनी तो रिकामा केला, मिशा पुसल्या.

"आज लई जोरदार झाली," म्हणाले, आणि हसत सुटले.

रोज तेच. शेवग्याच्या पाल्यावर डोलायचे, एकच गोष्ट तीनदा सांगायचे आणि तिन्ही वेळा हसायचे. महिन्याभरात चार आंघोळींची एक झाली. गाल भरले.

शिवरात्रीला नवं धोतर नेसून देवळात निघाले. तिथं भांग घोटून सगळ्यांना वाटतात. "भांगेनंच वाचवलं मला. आज पोटभर घेणार," म्हणाले. मी दारात आडवी उभी राहिले. सुनेनं सासऱ्याची वाट अडवायची म्हणजे काय, ते आमच्याकडं कुणालाही विचारा.

"मामा, दीड महिना झाला, तुमच्या पेल्यात भांग न्हाई. शेवग्याचा पाला हाय. आज खरी घेतलीत तर पुन्हा मोरी, आणि मग सोलापूर."

नवरा जागच्या जागी थिजला. मला वाटलं, आता माझी माहेरी रवानगी. मामांनी एवढंच विचारलं,

"मग मी रोज हसत होतो ते कशानं?"

"पोट दुखत नव्हतं, मामा. म्हणून हसत होतात."

त्यांनी पोटावरून हात फिरवला. पायातल्या चपला काढल्या आणि ओट्यावर बसले.

"वाट मग तोच पाला," म्हणाले. "पण मिरे कमी घाल, पोरी. दीड महिना घसा जळून राहिला, भांगेची ताकद समजून गप पीत होतो."