हिरवा रंग

आज सकाळी आमच्या सोसायटीत एक रंगारी वाळलेल्या झुडपांवर हिरवा रंग फवारत होता. अध्यक्षांनी लेकीच्या परदेशातल्या अंगणात बॉक्सवुडच्या झुडपांचं चौकोनी कापलेलं कुंपण पाहिलं होतं. त्यासाठी इथली कामिनीची फुलती झुडपं उपटून तिथे बॉक्सवुड लावलं गेलं.

"ही थंड हवेतली रोपं, साहेब. उन्हात नका लावू," बागकाम करणाऱ्या शेवंताबाई तेव्हा म्हणाल्या होत्या.

"तुम्ही फक्त सरळ कापा."

भर उन्हाळ्यात कापलेली झुडपं महिन्याभरात करपली. अशा माणसांना झाडाकडून फक्त रेघ हवी असते. ते जगलं की मेलं, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

"आता कसं छान दिसतंय," अध्यक्ष मला म्हणाले.

जिन्यामागच्या सावलीत शेवंताबाई आपण वाचवलेल्या बॉक्सवुडच्या एकुलत्या एका रोपाची माती बोटाने चाचपत होत्या. त्याला कोवळी पालवी फुटली होती.