नांगर टाकलेल्या बोटीवरचा शेखर

शेखर कांबळे गेल्याची बातमी मला ऑफिसच्या जुन्या ग्रुपवर कळली. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली आणि ती संपायच्या आत कुणीतरी आपल्या नव्या मोटारीचा फोटो टाकला. शेखरपेक्षा मोटारीची विचारपूस जास्त झाली. आमच्या संचालकांनी, त्यांना इथे नुसतं साहेब म्हणतो, इंग्रजीत लांबलचक मजकूर लिहिला : ‘आम्ही मिळून एकदा समुद्रात कासवाचा जीव वाचवला होता.’ ते ‘आम्ही’ वाचून शिसारी आली. आधी साहेबांची, मग स्वतःची... कारण ते ‘आम्ही’ पहिल्यांदा मीच लिहिलं होतं.

खराडीत काचेच्या इमारती उठत होत्या, त्या काळात आम्ही दोघं एका कंपनीत होतो. मी प्रोग्रॅम लिहायचो, शेखर त्यातल्या चुका शोधायचा. विश्रांतवाडीचा, पोस्टमनचा मुलगा. चूक सापडली की माझ्या टेबलापाशी येऊन हळूच विचारायचा, “हे चालतं असं अजून कुणाला सांगितलं नाहीस ना?” साहेबांनाही तो असंच विचारायचा, त्यामुळे त्याची बढती दरवर्षी पुढच्या वर्षी व्हायची.

एका हिवाळ्यात साहेबांना शिडाच्या बोटीचं वेड लागलं. रत्नागिरीहून गोव्यापर्यंत, आठ जण, इंजिन अजिबात लावायचं नाही अशी घोषणा. दुसऱ्याच दिवशी देवगडच्या अलीकडे वारा पडला. बोट चालवणाऱ्या तांडेलाने एका खाडीच्या तोंडाशी नांगर टाकला आणि दीड दिवस आम्ही तिथेच. मोबाईलची रेंज गेल्यावर आमच्या हुशार मंडळींना स्वतःशी काय बोलावं ते कळेना, म्हणून त्यांनी स्पीकर लावला. शेखर मात्र पुढच्या टोकाला दुर्बीण घेऊन बसला होता. कड्यावरच्या झाडातून समुद्रगरुड सुटायचा, पाण्याला पाय लावून मासा उचलायचा. सकाळी डॉल्फिन आले, तीन मोठे आणि आईच्या कुशीला चिकटलेलं एक पिल्लू. आमचे लोक किंचाळत धावले. “गाईज, सेल्फी!” डॉल्फिनच्या पाठी बुडाल्या त्या बुडाल्याच. शेखर म्हणाला, “आवाज बंद करा. आपल्याला बघायला ते आलेले नाहीत.” तांडेलाने मान डोलावली. “गप रवा, वर येतले.” स्पीकर बंद झाला, आणि खरंच आले. तोवर बाकीचे कंटाळून नाश्त्याला गेले होते.

दुपारी पाण्यावर काहीतरी तरंगताना दिसलं. साहेब म्हणाले, “प्लास्टिकचा डबा आहे.”

“डबा श्वास घेत नाही,” शेखर म्हणाला.

ते कासव होतं. तुटक्या जाळ्यात मान आणि पुढचा एक पाय अडकलेला. शेखरने लहान होडी सोडायला सांगितलं. साहेबांना आधी ड्रोन उडवायचा होता. “लाइट मस्त आहे रे, दोन मिनिटं थांब.” ड्रोन घोंघावत वर गेला तसं ते बिचारं घाबरून जाळ्यासकट खाली गेलं. शेखर माझ्याकडे वळला. “तू सांग त्यांना. तुझं ऐकतील.” माझी बढती तेव्हा साहेबांच्या टेबलावर होती. मी क्षितिजाकडे बघत राहिलो. क्षितिजाकडे बघणारा माणूस फार विचारी दिसतो.

शेखरला पोहता येत नव्हतं. तरी तो तांडेलाबरोबर होडीत उतरला. कासव वर येईपर्यंत दोघं वल्ही उचलून निश्चल बसले. मग तांडेलाने ते होडीच्या कडेला दाबून धरलं आणि शेखर सुरीने एकेक दोरा कापत गेला. त्याच्या तळव्यांतून रक्त येत होतं. शेवटचा दोरा तुटला, कासव क्षणभर तसंच राहिलं, मग गेलं. तो वर आला तेव्हा साहेब म्हणाले, “अरे, ड्रोन तेव्हा खाली उतरवला होता, काहीच शूट झालं नाही. होडीत बसून पुन्हा हात उंच कर ना.”

“कासवाला विचारा. मोकळं आहे ते,” शेखर म्हणाला.

हात उंच केले ते साहेबांनीच. फोटोखालचा मजकूर कंपनीच्या अंकासाठी मी लिहिला : ‘साहेबांच्या नेतृत्वाखाली आम्ही...’ शेखरने तो माझ्यासमोर उभं राहून वाचला. “व्याकरण शुद्ध आहे,” म्हणाला आणि गेला. त्या वर्षी मला बढती मिळाली. पुढे कपात झाली तेव्हा यादीत शेखर होता. यादीवर दुसरी सही माझी.

मग तो एका शाळेत संगणक शिकवू लागला आणि दर हिवाळ्यात त्या तांडेलाकडे जाऊन राहायचा, हे मला दुसऱ्यांकडून कळत राहिलं. मी फोन केला नाही. करणार होतो... भेकडांचं व्याकरण कायम भविष्यकाळी असतं.

शेखरच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्याच्या स्मरणविधीला, मी विश्रांतवाडीत त्याच्या घरी गेलो. साहेबही आले होते. बोलायला उभे राहिले आणि ‘आम्ही’ म्हणाले. मी उठलो. “साहेब, कासव सोडवलं तेव्हा आपण होडीत नव्हता. मीही नव्हतो. तो मजकूर खोटा होता आणि तो मी लिहिला होता.” साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि थोड्या वेळाने निघून गेले. मला वाटलं, निदान माझं ओझं तरी उतरलं. तेवढ्यात शेखरची पत्नी, सुजातावहिनी, शांतपणे म्हणाल्या, “आम्हाला ठाऊक होतं. तुम्हाला कधी आठवतंय, एवढंच बघत होतो.”

पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. फ्रिजच्या दारावर भरती-ओहोटीच्या वेळांचा कागद होता. समुद्रापासून इतक्या लांब, पुण्यात! शेखर रोज सकाळी चहाआधी त्या दिवसाच्या वेळेवर खूण करायचा, म्हणे. तो गेल्यानंतरच्या दिवसांवरही खुणा होत्या, वेगळ्या शाईच्या. वहिनी आत आल्या, कागदाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “पाणी आता उतरायला लागलं असेल.” मग माझ्या हातातला रिकामा पेला घेऊन त्यांनी तो विसळला.